लिंगोगीत : गायक, संग्राहक आणि समीक्षक

१

गोंडांचे लिंगोगीत प्रथम कागदावर उतरले ते नागपुरात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले, आणि धर्मप्रसार व शिक्षण या आपल्या कार्याबरोबरच मध्य भारतातील डोंगरी जमातींच्या भाषा, चालीरीती व कथा यांची टिपणे करीत राहिले. १८६३ मध्ये त्यांना अकस्मात मृत्यू आला. मागे राहिलेले कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादिले आणि १८६६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एका परधान गायकाच्या तोंडून टिपून घेतलेले लिंगोगीत मूळ गोंडी शब्द व इंग्रजी भाषांतर यांसह त्या ग्रंथात समाविष्ट आहे. इतिहासात हिस्लॉपचे नाव राहिले, टेंपलचे राहिले. परधानाचे राहिले नाही.

ज्या नगरात हे घडले ते नगर वसविले होते एका गोंड राजाने. देवगडच्या बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूरची स्थापना केली; पुढे चाळीस-पन्नास वर्षांत ते भोसल्यांच्या हाती गेले. चांदा, देवगड आणि गढा-मंडला येथील गोंड राज्यांचा इतिहास ध्यानात घेतला, म्हणजे 'डोंगरी जमात' या शब्दाबरोबर मनात येणारे इतिहासशून्य, एकाकी समाजाचे चित्र किती फसवे आहे हे कळून येते. ज्यांनी किल्ले बांधले, तलाव खणले आणि दिल्लीशी व्यवहार केला, त्यांच्याच गोतातील लोक पुढे अरण्याचे मूळ रहिवासी एवढ्याच ओळखीने उरले. लिंगोगीत ऐकणाऱ्या समाजाने राज्य आणि राज्यनाश हे दोन्ही पाहिलेले होते.

नागपूर हे मराठी विद्येचे केंद्र झाले, परंतु या गीताला मराठी समीक्षेत काव्य म्हणून फारशी जागा मिळाली नाही. मानवशास्त्राच्या ग्रंथांत ते 'उत्पत्तिकथा' या सदराखाली येते. लोकसाहित्याच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख 'दैवतकथा' म्हणून होतो. दोन्ही ठिकाणी ते दुसऱ्या कशाचा तरी पुरावा असते, कुळींच्या विभागणीचा, विवाहनियमांचा किंवा टोटेमचा. त्याची रचना कशी आहे, त्यात कोणती दृष्टी आहे, ही दृष्टी कोणाविषयी काय बोलते, हे प्रश्न विचारले जात नाहीत. वस्तुतः काव्यविचारातले हे पहिले प्रश्न होत. ते एका कृतीपुरते टाळले गेले, तर त्या कृतीचे नुकसान होतेच. परंतु ज्या समीक्षेने ते टाळले तिचेही काव्याविषयीचे भान अपुरे राहते.

२

गीताचा कथाभाग थोडक्यात असा आहे. गोंडांचे देव जन्मास येतात, गोंड वाढतात, डोंगरभर पसरतात. त्यांना आंघोळ ठाऊक नाही, खाण्याचा विधिनिषेध नाही; त्यांच्या वासाने धवलगिरीवरचा महादेव त्रासून जातो. तो आपल्या अंगाच्या मळाची एक खार घडवितो, तिच्यात जीव घालतो आणि तिला गोंडांपुढे सोडतो. शिकारीच्या नादाने गोंड तिच्या मागे गुहेत शिरतात. महादेव गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा लोटतो आणि राखणीस राक्षस बसवितो. चौघे भाऊ तेवढे निसटतात. ते ज्या ठिकाणी आश्रय घेतात त्याचे नाव काचीकोपा लोहागड, म्हणजे तांबड्या डोंगरातले लोखंडाचे खोरे.

इकडे पार्वतीला आपले गोंड दिसेनासे होतात. ज्या वासाने महादेव त्रासला, तोच वास नाहीसा झाल्याने ती अस्वस्थ होते आणि गोंडांसाठी तप आरंभते. तिच्या तपाचे फळ म्हणून पहिंदीच्या फुलातून लिंगो जन्मतो. मधावर वाढलेला हा मुलगा चौघा भावांना येऊन मिळतो, त्यांना शेती लावून देतो, शिकारीचे मांस भाजण्यासाठी अग्नी आणावयास निघतो. अग्नी आहे रिकाड गवाडी नावाच्या विक्राळ म्हाताऱ्याच्या शेतात. धाकटा भाऊ तो चोरून आणू पाहतो, आणि भाजून, भिऊन परततो. लिंगो मात्र चोरी करीत नाही. तो भोपळा, वेळू आणि स्वतःच्या डोक्याचे केस घेऊन एक वाद्य बनवितो आणि झाडावर बसून ते वाजवू लागतो. म्हातारा नाचू लागतो, म्हातारी नाचू लागते; अग्नी मिळतो, आणि त्याबरोबर म्हाताऱ्याच्या सात मुलीही भावांना मिळतात. पुढे त्याच मुली लिंगोवर मोहित होतात, तो त्यांना झिडकारतो, त्या उलटा आळ घेतात. भाऊ बाण मारून त्याचा वध करतात, त्याचे डोळे उपटून घेतात आणि रात्री दिवा लावून त्या डोळ्यांनी गोट्या खेळतात. अमृताने लिंगो पुन्हा उठतो. भावांवर सूड न घेता तो गुहेत कोंडलेल्या सोळा विसा गोंडांचा शोध घेतो, बिंदो नावाच्या काळ्या पक्ष्याची पिले आणून देण्याची महादेवाची अट पुरी करतो आणि आपल्या लोकांना सोडवितो. महापूर ओलांडून सर्व पलीकडे आल्यावर तो त्यांची गोत्रे लावून देतो, देवांची स्थापना करतो आणि परधानाची नेमणूक करतो.

या गीतात महादेव आणि पार्वती यांची उपस्थिती पाहून अभ्यासकांनी प्रायः एकच निष्कर्ष काढला : मूळच्या शुद्ध गोंडी कथेवर हिंदू पुराणांचा लेप चढला आहे. हा निष्कर्ष ऐतिहासिक दृष्टीने खरा असू शकेल. परंतु काव्यदृष्ट्या तो निरुपयोगी आहे. गीतात हे देव कोणत्या कामासाठी आले आहेत, हे पाहिले पाहिजे. पुराणातील पार्वती आपल्या अंगाच्या मळापासून द्वारपाल घडविते, त्याचा गणपती होतो. येथे महादेव आपल्या मळापासून आमिष घडवितो. तिकडे मळ घराच्या रक्षणासाठी, इकडे लोकांना कोंडण्यासाठी. गोंडांना अमंगळ म्हणणाऱ्या देवाच्या अंगावरही मळ आहे, आणि गोंडांचा घात होतो तो त्याच मळाने, ही योजना भाबडी नाही. कथा रचणाऱ्याला पुराण ठाऊक होते आणि त्याने ते उलटे करून वापरले, असा तर्क केल्यावाचून या प्रसंगाचा उलगडा होत नाही. लेप चढला असे म्हणण्यापेक्षा उत्तर दिले असे म्हणणे अधिक समर्पक होय.

पार्वतीचा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. सपाटीवरील संस्कृतीने डोंगरी लोकांविषयी जे काही म्हटले त्याचा सारांश 'त्यांना वास येतो' एवढाच आहे, असे हे गीत मानते. आणि त्याच संस्कृतीच्या अंतःपुरात त्या वासाची उणीव भासणारे कोणी आहे, असेही मानते. तिरस्कार आणि ओढ ही दोन्ही एकाच घरात नांदतात. गोंडांच्या शेजाऱ्यांचे याहून अचूक चित्रण शेजाऱ्यांच्या वाङ्मयात सापडणे कठीण आहे.

आशियातील अन्य डोंगरी जमातींच्या कथांशी तुलना केली तर हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. ब्रह्मदेशातील कारेन, त्या सीमेवरील लाहू आणि आखा यांच्या कथांत लिपी हरवल्याची गोष्ट वारंवार येते. कोठे देवाने दिलेला ग्रंथ हरवला, कोठे भाताच्या वडीवर लिहिलेली अक्षरे भुकेच्या वेळी खाऊन टाकली, कोठे कातड्यावरची अक्षरे कातड्यासकट पोटात गेली. सपाटीवरच्या राज्यांकडे लिपी आहे आणि आपल्याकडे नाही, या विषमतेचा तो कथारूप हिशेब आहे. लिंगोगीतातला हिशेब लिपीचा नाही, सोवळ्या-ओवळ्याचा आहे. कारण येथे सपाटीने डोंगराला ज्या मापाने मोजले ते मापच निराळे होते. उत्तर देणाऱ्याला प्रश्न नीट कळलेला आहे, याची ही खूण होय.

गीताचे आणखी एक लक्षण त्याच्या रचनेत आहे. वाद्य कसे निर्माण झाले याची कथा तेच वाद्य वाजवून सांगितली जाते. परधान कसा नेमला गेला हे परधानच गातो. गीत आपल्या गायनाचा अधिकार स्वतःच्या पोटात घेऊन येते. लिंगोचे केस वाद्याच्या तारा होतात, आणि त्या तारांनी अग्नी मिळतो. ग्रीकांच्या कथेत अग्नी चोरावा लागला व चोराला शिक्षा झाली. येथे चोरी फसते आणि संगीत साधते. कलेच्या सामर्थ्याविषयी इतका स्पष्ट सिद्धान्त मांडणाऱ्या कृतीला केवळ 'दैवतकथा' म्हणणे हे वर्गीकरण झाले, वाचन नव्हे.

३

हिस्लॉपनंतर हे गीत ज्यांच्या ज्यांच्या हाती गेले, त्या प्रत्येकाने त्यातले काही घेतले आणि काही टाकले. कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या १८७१ च्या ग्रंथात त्याचे संक्षिप्त पद्यरूप दिले. त्यांनी निवडलेले वृत्त लाँगफेलोच्या 'हायवाथा'चे होते. लाँगफेलोने १८५५ साली अमेरिकेतील आदिवासींच्या कथा रचताना ते वृत्त फिनलंडच्या 'कालेवाला'वरून घेतले होते. म्हणजे फिनलंडच्या अरण्यातील लय अमेरिकेच्या सरोवरांवरून सातपुड्यात येऊन पोचली! वन्य म्हणून जे जे आहे त्याला एकच लय शोभते, अशी एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित रसिकाची समजूत होती. फोर्साइथ यांची आस्था खोटी नव्हती. परंतु त्या आस्थेने गोंडी गीताचा आवाज बुजविला.

व्हेरिअर एल्विन यांचे प्रकरण वेगळे. बस्तरमधील मुरियांवरील त्यांच्या १९४७ च्या ग्रंथात लिंगो येतो तो घोटुलाचा संस्थापक आणि अठरा वाद्यांचा स्वामी म्हणून. तेथेही भावांचा मत्सर आहे, जीवघेण्या कसोट्या आहेत आणि लिंगोचा विजय आहे. नागपूरच्या परधानाने गाइलेला उद्धारक आणि बस्तरचा तरुण वादक यांतील अंतर हे एकाच नायकाच्या दोन काव्यांतील अंतर आहे. रामकथेच्या भिन्न पाठांविषयी जी चर्चा होते तीच येथेही व्हावयास हवी होती. एल्विन स्वतः कवी होते, भाषांतराची त्यांना जाण होती. परंतु त्यांचे लक्ष घोटुल या संस्थेवर केंद्रित झाले, आणि वाचकांचे तर त्याहून अधिक.

ज्या वर्षांत एल्विन हे काम करीत होते, त्याच वर्षांत 'आदिवासी कोण' हा वाद पेटलेला होता. बैगांवरील १९३९ च्या ग्रंथात एल्विन यांनी त्यांच्यासाठी संरक्षित प्रदेशाची कल्पना मांडली. १९४३ साली गो. स. घुर्ये यांनी तथाकथित आदिवासी व त्यांचे भवितव्य या विषयावर ग्रंथ लिहून, हे लोक म्हणजे मागासलेले हिंदू होत, असा पक्ष मांडला. एकाने वेगळे राखावे म्हटले, दुसऱ्याने सामावून घ्यावे म्हटले. दोघांचीही विद्वत्ता वादातीत आहे. परंतु लिंगोगीत समोर ठेवून हा वाद वाचला, तर दोन्ही पक्षांना पूर्वीच उत्तर मिळालेले दिसते. वेगळे राखलेले गोंड गुहेत कोंडले जातात. सामावून घेऊ पाहणाऱ्याला त्यांचा वास सोसत नाही. गीताचा मार्ग तिसरा आहे : कोंडलेल्यांना त्यांच्यातल्याच एकाने बाहेर काढावे, आणि बाहेर आल्यावर त्यांनी आपली व्यवस्था आपण लावावी. हा विचार राजकीय परिभाषेत मांडलेला नाही म्हणून तो विचार नव्हे, असे समीक्षकाला तरी म्हणता येणार नाही.

संग्राहकांच्या या मालिकेत एक नाव अधिक आदराने घेतले पाहिजे : शामराव हिवाळे. महाराष्ट्रातून एल्विनबरोबर मैकल पर्वतात गेलेले हिवाळे पुढे तेथलेच झाले. एल्विनसह त्यांनी गीतसंग्रह केले. आणि १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इतरांनी गीत पाहिले, हिवाळ्यांनी गाणारा पाहिला. ठराविक वर्षांनी आपल्या गोंड यजमानाच्या दारी येणारा, वंशाची कीर्ती गाणारा, दान घेणारा, प्रसंगी मानी आणि प्रसंगी मिस्कील असा परधान त्या ग्रंथात माणूस म्हणून उभा आहे. त्याचा बाणा हे नुसते वाद्य नव्हे. त्यात बडादेवाचा वास असतो. असा ग्रंथ मराठी माणसाने लिहिला, पण इंग्रजीत लिहिला, आणि मराठी समीक्षेच्या परंपरेत तो आला नाही. दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) या ग्रंथाने मराठीत लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाला भक्कम बैठक दिली. परंतु 'लोक' हा शब्द रूढ झाल्यावर अनामिकता हे त्या साहित्याचे लक्षणच होऊन बसले. नाव नोंदले गेले नाही, म्हणून कर्ता नव्हता, असे गृहीत धरले जाऊ लागले.

४

या गृहीतकाची परीक्षा पाहण्यास भिलाईसारखे दुसरे ठिकाण नाही. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार दुर्ग जिल्ह्यात पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून येऊ लागले. हे डोंगरही तांबडे आहेत. काचीकोपा लोहागड तो हाच, असे म्हणण्यास आधार नाही, आणि काव्यातील स्थळांचा असा शोध घेणे इष्टही नाही. एवढे मात्र खरे की लोखंडाच्या खोऱ्यात आश्रय घेतलेल्या लोकांचे गीत ज्या मुलखात गाइले गेले, त्याच मुलखातील लोखंडावर नवे नगर वसले. आणि या मुलखाला लोखंडाची विद्याही नवी नव्हती. मैकल पर्वतातील अगरिया ही लोखंड गाळणारी जमात. तिच्यावरील १९४२ च्या एल्विनकृत ग्रंथात लोहासुर, कोइलासुर आणि अग्यासुर या तिच्या दैवतांची व लोहरीपूरच्या लोगुंडी राजाची कथा आली आहे. भट्टीवरचा कर, जंगलावरची बंधने आणि बाजारातले स्वस्त लोखंड यांनी त्यांचा धंदा मोडीत निघाला. भिलाईच्या भट्ट्या पेटण्यापूर्वीच त्या लहान भट्ट्या बहुतांशी विझल्या होत्या.

नव्या नगराच्या वसाहती क्रमांकांनी ओळखल्या जातात. सेक्टर १० ही त्यांतलीच एक. देशाच्या सर्व भागांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे अशा वसाहतीत शेजारी राहतात. घराची ओळख रस्ता आणि क्वार्टरचा आकडा यांनी होते. गोंडांतही संख्येवरून ओळख आहे. लिंगोने लावून दिलेली ती व्यवस्था चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा नावांनी विदर्भातील गोंड अद्याप सांगतात. परंतु तेथे आकडा सांगितला की सोयरीक कोणाशी होईल, कोण भाऊ लागेल, हे कळते. सेक्टर १० मधला आकडा टपाल पोचवितो. येथे वसाहतीला दोष देण्याचे कारण नाही. परक्यांना शेजारी करण्याचे तिचे कार्य तिने केलेच आहे. पण कोणत्या डोंगराच्या कोणत्या कथेशेजारी आपण राहावयास आलो, हे सांगणारे तिच्या आकड्यांत काही नाही. ते काम वाङ्मयाने करावयाचे असते.

आणि ते काम त्या परिसरात एका स्त्रीने केले. भिलाईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाई या पारधी समाजातल्या. परधान आणि पारधी या नावांत साम्य असले तरी हे समाज भिन्न आहेत. आजोळी ऐकून त्यांनी पंडवानी आत्मसात केली. पंडवानी ही पांडवांची कथा. तिचे जुने धागे परधान आणि देवार या गायकांपर्यंत जातात, आणि तिचा खरा नायक भीम आहे. बसून गाण्याची वेदमती आणि उभ्याने, अभिनयासह, प्रसंगी शब्द रचीत गाण्याची कापालिक अशा तिच्या दोन शैली. स्त्रियांनी बसून गावे असा रिवाज असता तीजनबाई उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचा रथ. पुढे भिलाईच्या कारखान्याने त्यांना नोकरी दिली, देशाने पद्मश्री, पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण दिले.

सन्मान उणा पडला असे म्हणता येत नाही. परंतु तो कोणत्या नावाने झाला, हे पाहण्यासारखे आहे. त्या 'लोकगायिका' ठरल्या. कापालिक शैलीत प्रत्येक प्रयोगाचे शब्द गायकाला उभ्या उभ्या घडवावे लागतात. एखादे पर्व किती ताणावे, कोठे छत्तीसगढी बोलीतली थट्टा आणावी, द्रौपदीचा कोप कोठे थांबवावा, याचे निर्णय गायकच घेतो. असे निर्णय घेणाऱ्याला साहित्यशास्त्रात कवी म्हणतात. येथे नाव माहीत आहे, गाव माहीत आहे, आवाज मुद्रित झालेला आहे; अनामिकतेची सबब उरलेली नाही. तरीही 'लोक' हे उपपद सुटत नाही, तेव्हा अडचण नाव न सापडण्याची नव्हती, हे उघड होते. नागपूरच्या परधानाचे नाव सापडले असते, तरी तो कवी ठरला नसता.

५

मराठीत ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न आदिवासी लेखकांनी स्वतः केला. १९७९ साली भद्रावती येथे आदिवासी साहित्य संमेलन भरले. १९८७ मध्ये वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' आणि विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे', तर १९९० मध्ये भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' हे संग्रह प्रसिद्ध झाले. सोनवणे सातपुड्यातल्या भिल्ल समाजातून आले. मेश्राम यांनी संग्रहाचे नाव घेतले ते छोटा नागपुरातील बिरसा मुंडाच्या १८९९-१९०० च्या उठावावरून. डोंगराडोंगरांतील हे नाते जमातींच्या याद्या करणाऱ्या शास्त्राला दिसले नव्हते, ते कवींना दिसले. मराठी समीक्षेने या कवितेचे स्वागत केले, परंतु बहुतेक वेळा विद्रोहाच्या प्रवाहातील एक शाखा म्हणून. विद्रोह तीत आहेच. पण केवळ त्याच अंगाने वाचल्यास ही कविता जणू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शाळेत अक्षर शिकल्यावर जन्मास आली, असा समज होतो. तिच्या पाठीशी जी दीर्घ मौखिक काव्यपरंपरा आहे, तीत सपाटीवरील सत्तेला दिलेले उत्तर पूर्वीपासून आहे. शिळा आहे, गुहा आहे, आणि ती शिळा दूर करण्याची कृती आहे.

हे भान आले तर समीक्षेला काही कामे करावी लागतील. लिंगोगीताच्या नागपूर, बस्तर आणि आदिलाबाद येथील पाठांचा तौलनिक अभ्यास गोंडी जाणणाऱ्यांच्या सहकार्याने, आणि शक्य तेथे त्यांच्याच नेतृत्वाने, मराठीत झाला पाहिजे. आदिलाबादच्या राजगोंडांवरील फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या १९४८ च्या ग्रंथात त्यासाठी विपुल सामग्री आहे. गाणाऱ्याचे नाव, गाव, वाद्य आणि प्रसंग यांची नोंद ही मानवशास्त्राची औपचारिकता न मानता संहितेचाच भाग मानली पाहिजे. 'लोकसाहित्य' आणि 'साहित्य' ही दोन दालने वेगळी ठेवावयाची असतील, तर त्यांतील भेद कर्तृत्वाच्या अभावावर आधारलेला असू नये.

परधानांची परंपरा स्वतः थांबलेली नाही. एल्विन आणि हिवाळे ज्या पाटनगढला राहिले, तेथल्याच जनगढसिंह श्याम या परधान तरुणाने १९८१ नंतर भोपाळात रंग हाती घेतले, आणि बाण्यावर गाइले जाणारे देव चित्रांत आणले. २००१ साली जपानमध्ये त्यांचा अकाली अंत झाला, परंतु त्यांच्यामागून परधान चित्रकारांची एक पिढी उभी राहिली. त्यांच्या चित्रांखाली चित्रकाराची सही असते, आणि चित्रकलेच्या समीक्षकांनी तिची दखल घेतली. गीताखाली सही नसते. ती गायकाच्या गळ्यात असते, आणि ती ओळखण्यासाठी पानावरून नजर काढून कान द्यावा लागतो. मराठी समीक्षेने ज्ञानेश्वरीच्या निरूपणापासून शाहिराच्या डफापर्यंत अनेक आवाज ऐकले आहेत. त्यांच्याच पंक्तीत, नागपुरास दीडशे वर्षांपूर्वी गाइलेल्या त्या परधानाला कवी म्हणून बसविणे तिला अवघड जाऊ नये.